भाजलेल्या कॉफींतील धातूंचा हिशेब

मराठी घरांत पहिला मान चहाचा. कॉफी पाहुण्यासारखी येते. उपवासाच्या दिवशीं, रात्रीं जागरण असलें म्हणजे, किंवा दक्षिणेकडील कोणी सोयरा घरीं आला म्हणजे जायफळ किसून घातलेल्या कॉफीचा वास माजघरापर्यंत दरवळतो. अशा वेळीं त्या पेल्यांत लोह, तांबें, जस्त व मँगनीज आहे, शिवाय शिशाचा आणि कॅडमियमचा अंशही असूं शकतो, असें कोणी सांगितलें, तर पिणाराचा हात क्षणभर थबकेल. तो थबकणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या वाक्यानें हात थबकला तें वाक्यच अपुरें आहे. ‘शिसें सांपडलें’ एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. किती सांपडलें, कोणत्या रीतीनें मोजलें, आणि दाण्यांतलें किती पेल्यांत उतरलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून त्या वाक्याला अर्थ येत नाहीं. या तीन प्रश्नांचा विचार येथें क्रमानें करावयाचा आहे.

प्रथम, कॉफीच्या दाण्यांत धातु येतात कोठून? ते मुख्यतः मातींतून येतात. बाबाबुदन नांवाच्या सूफी साधूनें सतराव्या शतकांत यात्रेहून परततांना अरबस्तानांतून सात दाणे लपवून आणले व ते चिकमगळूरजवळच्या डोंगरांत पेरले, अशी परंपरागत कथा आहे. आज भारतांतील बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ व तामिळनाडु या राज्यांत पिकते. महाराष्ट्रांत चिखलदऱ्याचा डोंगर सोडला तर कॉफीचे मळे जवळजवळ नाहींत. कोठेंही असो, झाडाचें मूळ मातींतून पाणी शोषतें तेव्हां त्या पाण्यांत विरघळलेले क्षारही वर जातात. पोटॅशियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त हीं झाडाला हवींच असतात. परंतु मूळ कांहीं रसायनशास्त्राचें पंडित नव्हे. जस्त व कॅडमियम यांचा रासायनिक स्वभाव सख्ख्या भावांसारखा मिळताजुळता असल्यामुळें, जस्तासाठीं उघडलेल्या दारांतून कॅडमियमही आंत शिरतें.

यांत मनुष्याच्या हाताचीही भर पडते. १८६९ मध्यें सिलोनांत कॉफीच्या पानांवर तांबेरा रोग दिसूं लागला. पुढील कांहीं वर्षांत तेथील मळे उद्ध्वस्त झाले व त्यांची जागा चहानें घेतली. १८८५ मध्यें फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनीं मोरचूद व चुना यांचें मिश्रण द्राक्षवेलींवरील बुरशीला गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. तेंच बोर्दो मिश्रण पुढें कॉफीच्या तांबेऱ्यावरही वापरांत आलें. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांना तें चांगलें परिचित आहे. मोरचुदांत तांबें असतें. फवारा बसतो तो पानांवर व फळांवर. दाणा फळाची साल, गर व टरफल यांच्या आड सुरक्षित असतो. परंतु वर्षानुवर्षें फवारलेलें तांबें शेवटीं मातींत उतरतें व तेथें सांचून राहतें. म्हणून मळ्याच्या मालकालाही आपल्या दाण्यांत काय उतरलें आहे हें जाणून घेण्याचें कारण आहे.

आतां या सर्व धातूंना एकाच मापानें मोजून चालणार नाहीं. अन्न आणि विष यांतील भेद पुष्कळदां जातीचा नसून प्रमाणाचा असतो, हें सोळाव्या शतकांत पॅरासेल्सस नांवाच्या वैद्यानें सांगून ठेविलें आहे. मीठ चिमूटभर घातलें तर भाजीला चव येते, मूठभर पडलें तर ती टाकून द्यावी लागते. लोह, तांबें, जस्त व मँगनीज हीं या मिठाच्या पंक्तींतलीं होत. लोहावांचून रक्तांतील तांबडा पदार्थ तयार होत नाहीं. तांबें व जस्त यांवांचून शरीरांतील अनेक रासायनिक क्रिया अडतात. तरी तींच अति झालीं तर अपाय करितात.

शिसें, कॅडमियम व पारा यांची गोष्ट निराळी आहे. मानवी शरीरांत त्यांचें कांहीं उपयुक्त कार्य असल्याचें आढळलेलें नाहीं. शिसें लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणतें. कॅडमियम मूत्रपिंडांत शिरलें म्हणजे वर्षानुवर्षें तेथेंच ठाण मांडून बसतें. जपानांत तोयामा प्रांतांतील जिंझू नदीच्या पाण्याबरोबर खाणींतील कॅडमियम भातशेतींत शिरलें, आणि तो भात खाणाऱ्यांचीं हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं, त्या रोगाचें नांवच ‘दुखतें, दुखतें’ अशा अर्थाचें पडलें. १९६८ मध्यें जपानी सरकारनें त्याचें कारण कॅडमियम असल्याचें मान्य केलें. शिशाविषयीं तर अन्न व आरोग्य यांच्या जागतिक संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनें पूर्वी ठरविलेली साप्ताहिक मर्यादा २०१० मध्यें मागें घेतली. कारण जिच्याखालीं अपाय मुळींच होत नाहीं अशी पातळी दाखवितां येईना. तेव्हां शिशाच्या बाबतींत बेफिकीर राहणें योग्य नाहीं, हें खरेंच. पण काळजी व घबराट या दोन भिन्न वस्तु आहेत, आणि त्यांतील अंतर आंकडा दाखवितो.

म्हणून पहिला प्रश्न, किती? एक किलोग्रॅम भाजलेली कॉफी जाळून तिची राख केली तर ती सुमारे ४० ते ५० ग्रॅम भरते. तिच्यांत सर्वांत मोठा वांटा पोटॅशियमचा; तें एका किलोंत सुमारे १५ ते २० ग्रॅम असतें. मॅग्नेशियम सुमारे २ ग्रॅम व कॅल्शियम सुमारे १ ग्रॅम. येथें ग्रॅमची भाषा संपते आणि मिलिग्रॅमची सुरू होते. लोह, मँगनीज व तांबें हीं सामान्यतः दहा-वीस किंवा कांहीं अधिक मिलिग्रॅम, आणि जस्त त्याहून कमी. शिसें व कॅडमियम मात्र चांगल्या मालांत बहुधा मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्यांनीं मोजावीं लागतात.

भाजण्यानें या प्रमाणांत एक फेर पडतो. भाजतांना दाण्याचें वजन सुमारे १५ ते २० टक्के घटतें. ओलावा व वायु निघून जातात, धातु मागें राहतात. त्यामुळें कच्च्या दाण्यापेक्षां भाजलेल्या दाण्यांत किलोमागें धातु अधिक दिसतात. ते नव्यानें आले असें नव्हे. दूध आटविलें म्हणजे साखर न घालतांही अधिक गोड लागतें, तशांतलाच हा प्रकार. पारा तेवढा उष्णतेनें उडून जाऊं शकतो.

हीं प्रमाणें किती सूक्ष्म आहेत याची कल्पना यावी म्हणून एक घरगुती हिशेब करून पाहावा. एका किलोंत एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. तांदळाच्या एका दाण्याचें वजन २० मिलिग्रॅम धरलें, तर २० किलोंच्या पिशवींत दहा लाख दाणे होतात. त्या पिशवींत दाण्याएवढाच एक काळा खडा असावा, तसें हें प्रमाण. किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम शिसें म्हणजे अशा २० पिशव्यांत मिळून एक खडा! तो नुसता शोधून काढावयाचा नसून, तो एकच आहे कीं दोन आहेत हेंही खात्रीनें सांगावयाचें आहे.

हें सामर्थ्य शास्त्राला एका दिवसांत आलें नाहीं. १८३६ मध्यें इंग्लंडांतील जेम्स मार्श यांनीं सोमल ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तींत सोमलाचें वायूंत रूपांतर करून तो वायु तापविला म्हणजे काचेवर काळा चकचकीत डाग उमटतो. १८५९-६० मध्यें हायडेलबर्ग येथें बुन्सेन व किर्खोफ यांनीं दाखविलें कीं, ज्योतींत तापलेलें प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक रंगांचा प्रकाश देतें. चुलीवरचें आधण उतूं गेलें व त्यांतील मीठ जाळांत पडलें म्हणजे ज्वाला पिवळी होते, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलेलें आहे. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमची सही होय. या गोष्टीची दुसरी बाजू अशी कीं, जो प्रकाश अणु बाहेर टाकतो तोच तो शोषूनही घेतो. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील ॲलन वॉल्श यांना १९५२ मधील एका रविवारीं बागेंत काम करीत असतां या शोषणाचा मोजमापाकडे उपयोग करण्याची कल्पना सुचली, व १९५५ मध्यें त्यांनीं ती रीत जगापुढें मांडली. शिशाच्याच दिव्याचा प्रकाश नमुन्याच्या वाफेंतून सोडावयाचा. जितका प्रकाश गिळला जाईल तितकें शिसें.

त्याहूनही पुढची पायरी अमेरिकेंतील आयोवा येथील हाउक व त्यांचे सहकारी यांनीं १९८० मध्यें दाखविली. आर्गॉन वायूला विद्युत्शक्तीनें कित्येक हजार अंश तापवून त्याची प्रखर ज्योत करावयाची, तींत नमुन्याचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा, आणि विद्युद्भारित झालेले अणु त्यांच्या वजनाप्रमाणें निवडून एकेक मोजावयाचे. सुपानें धान्य पाखडून हलकें-जड वेगळें करावें, तसें हें अणूंचें पाखडणें आहे. या यंत्रानें एका लिटर पाण्यांतील मायक्रोग्रॅमचा, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाचा, लहानसा अंशही मोजतां येतो.

परंतु यंत्र कितीही सूक्ष्म असलें तरी त्याच्या पुढ्यांत आणून ठेवलेला नमुना खरा नसेल तर आंकडा खोटाच. दुसरा प्रश्न येथें उभा राहतो, मोजलें कसें? शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें, पण हांडींतला भात सारखा शिजलेला असेल तरच. कॉफीच्या पोत्यांत एक दाणा एका उतारावरचा तर दुसरा भलत्याच झाडाचा असतो. म्हणून पोत्यांत अनेक ठिकाणांहून दाणे काढतात. त्यांचा ढीग करून त्याचे चार वांटे पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकतात, व ही क्रिया पुनःपुन्हां करीत लहान पण प्रातिनिधिक नमुना हातीं घेतात. मग तो दळावयाचा. येथेंही सावधगिरी हवी. पोलादी चक्कींत दळलें तर तिच्या पात्यांचें लोह, क्रोमियम व निकेल भुकटींत मिसळूं शकतें, आणि दोष मात्र कॉफीच्या माथीं येतो.

त्या भुकटींतून सुमारे अर्धा ग्रॅम तोलून घेऊन ती शुद्ध नायट्रिक आम्ल व थोडें हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यासह न गंजणाऱ्या बंद भांड्यांत घालतात, आणि सूक्ष्मलहरींच्या भट्टींत सुमारे २०० अंशांपर्यंत तापवितात. कॉफीचा काळा रंग, वास, तेल सर्व नाहींसें होऊन पाण्यासारखा स्वच्छ द्रव उरतो. त्यांत अतिशुद्ध पाणी घालून तो ५० मिलिलिटर करितात व यंत्राला देतात. पायलीनें धान्य मोजावयाचें तर आधीं पायली खरी पाहिजे. तसें, ज्यांतील शिशाचें प्रमाण आधींच ठाऊक आहे असे द्रव यंत्राला प्रथम दाखवून त्याचें माप ठरवून घेतात.

यापुढील पायरी दिसावयास क्षुल्लक, परंतु सर्वांत महत्त्वाची आहे. कॉफी मुळींच न घालतां, केवळ आम्ल व पाणी घेऊन, तीच सर्व क्रिया जशीच्या तशी करावयाची. हा ‘कोरा’ प्रयोग होय. समजा, कॉफीच्या द्रवांत यंत्रानें लिटरमागें ०.७ मायक्रोग्रॅम शिसें दाखविलें आणि कोऱ्या द्रवांत ०.२. तर तें ०.२ कॉफीचें नव्हे. तें आम्लाचें, भांड्याचें, किंवा खोलींतल्या धुळीचें. वजाबाकी केल्यावर उरलें ०.५. त्याचा हिशेब केला तर किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम येतें. कोरा प्रयोग विसरला असतां तेंच ०.०७ झालें असतें, आणि निर्दोष शेतकऱ्याच्या मालावर जवळजवळ दीडपट शिशाचा शिक्का बसला असता.

या खबरदारीचें महत्त्व जगाला ज्यांनीं पटविलें त्यांत अमेरिकेंतील क्लेअर पॅटरसन यांचें नांव अग्रगण्य आहे. शिशाच्या प्रकारांवरून त्यांनीं १९५६ मध्यें पृथ्वीचें वय सुमारे ४५५ कोटी वर्षें ठरविलें. त्या कामांत त्यांना आढळलें कीं, मोजलेलें शिसें नमुन्यापेक्षां प्रयोगशाळेच्या हवेंतूनच अधिक येतें. त्यांनीं भिंती, भांडीं, आम्लें, हवा सर्व शुद्ध करून घेतलें. आणि हें इतकें शिसें हवेंत आलें कोठून, असा पुढचा प्रश्न विचारला. १९६५ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या लेखानें शिसेंयुक्त पेट्रोलाकडे बोट दाखविलें. त्या पेट्रोलाची विक्री भारतांत २००० मध्यें बंद झाली. कोऱ्या प्रयोगांतला एक लहानसा आंकडा मनुष्यजातीच्या एवढ्या उपयोगी पडला.

यंत्रालाही फसवणारे तोतये असतात. सोमलाच्या अणूचें वजन ७५. ज्योतींतील आर्गॉनचें ४० व क्लोरीनचें ३५. हे दोन अणु चिकटले म्हणजे बेरीज ७५ च होते, आणि यंत्र त्या जोडीला सोमल समजतें! म्हणून सोमल मोजतांना क्लोरीनयुक्त आम्ल टाळतात, किंवा वाटेंत हेलियम वायु ठेवून असल्या जोडगोळ्यांना अडवितात. ज्याला हा तोतया ठाऊक नाहीं तो सोमल नसलेल्या कॉफींत सोमल शोधून काढील.

मग परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यावी? १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील बोवेन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें केल नांवाची कोबीच्या जातीची भाजी मोठ्या प्रमाणावर वाळवून, तिची एकजीव भुकटी करून ती अनेक प्रयोगशाळांना वांटली. भुकटी एकच, पण उत्तरें निरनिराळीं आलीं! तेव्हांपासून ज्यांतील धातूंचें प्रमाण अनेक रीतींनीं पडताळून निश्चित केलें आहे, अशा पानांच्या भुकट्या प्रमाण म्हणून मिळूं लागल्या. चांगली प्रयोगशाळा कॉफीबरोबर अशी भुकटीही मोजते, व तिचें ठरलेलें उत्तर आलें तरच कॉफीच्या आंकड्यावर सही करते. तसेंच ‘शिसें सांपडलें नाहीं’ याचाही अर्थ ‘शिसें नाहीं’ असा नव्हे. ‘या रीतीनें दिसेल त्याहून कमी आहे’ एवढाच. प्रामाणिक अहवालांत ती खालची मर्यादा लिहिलेली असते.

आतां तिसरा प्रश्न, पेल्यांत किती उतरलें? कॉफी कोणी चावून खात नाहीं. तिचा अर्क पितात व चोथा टाकतात. पोटॅशियमचा बहुतेक भाग गरम पाण्यांत उतरतो, मॅग्नेशियमचाही बराच; परंतु लोह, तांबें व कॅल्शियम यांचा मोठा भाग चोथ्यांतच अडकून राहतो. उलट वापरलेला चोथा पाण्यांतील शिशासारखे धातु धरून ठेवूं शकतो, असेंही प्रयोगांत दिसून आलें आहे.

तरीही वाईटांत वाईट धरून हिशेब करावा. एका पेल्याला १० ग्रॅम भुकटी, तींत किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम शिसें; म्हणजे पेल्यामागें अर्धा मायक्रोग्रॅम. तें सर्वच्या सर्व १५० मिलिलिटर पाण्यांत उतरलें असें मानलें तरी लिटरमागें सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम होतें. पिण्याच्या पाण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलेली मर्यादा लिटरमागें १० मायक्रोग्रॅम आहे, व भारतीय मानकही तेवढेंच. म्हणजे या कॉफीनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु अहवालांत ०.०५ ऐवजीं ०.५ असेल, तर तोच हिशेब ३३ वर जातो, आणि तो माल पुन्हां तपासल्यावांचून वापरणें शहाणपणाचें ठरणार नाहीं. दशांश चिन्ह एक घर सरकलें कीं निकाल फिरतो. म्हणून तें चिन्ह मांडणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे.

या हिशेबांतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पेल्यांतील शिसें दाण्यांतूनच आलें असेल असें नाहीं. जर्मनींतील सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेनें २०१३ मध्यें तपासलेल्या कॉफीयंत्रांपैकीं कांहींनीं आंतील क्षार धुऊन काढल्यानंतर कॉफींत शिसें सोडल्याचें आढळलें होतें. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची रीत जुनी आहे, आणि ती चांगलीही आहे. पण कल्हईचें कथील शुद्ध पाहिजे. स्वस्त पडावें म्हणून त्यांत शिसें मिसळलेलें असेल, तर उत्तमांतली उत्तम कॉफीही त्या भांड्यांत दूषित होईल. बातमी वाचून कॉफीचा डबा फेकून द्यावा आणि भांडें मात्र तेंच ठेवावें, हें चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यासारखें आहे.

आवश्यक धातूंविषयींही असाच विवेक हवा. दाण्यांत लोह आहे म्हणून कॉफीनें रक्त वाढेल, हा समज खोटा आहे. तें लोह बहुतेक चोथ्यांत जातें. एवढेंच नव्हे, तर कॉफींतील कांहीं द्रव्यें जेवणांतल्या लोहाला धरून ठेवतात. १९८३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत जेवणाबरोबर एक पेला कॉफी घेतली असतां लोहाचें शोषण ३९ टक्के घटलें. जेवणानंतर एक तासानें घेतली तरी तेवढाच परिणाम झाला. जेवणापूर्वी एक तास घेतली तेव्हां मात्र घट झाली नाहीं. ज्या घरांत स्त्रियांना व मुलींना रक्तक्षयाचा त्रास आहे, त्या घराला ही वेळेची गोष्ट शिशाच्या आंकड्यापेक्षांही अधिक उपयोगाची आहे.

जुन्या बाजारांत मापाड्यावर सर्वांचा विश्वास असे, कारण त्याचें माप सरकारी शिक्क्याचें असे व तें माप तो चारचौघांदेखत भरी. आजचा मापाडी प्रयोगशाळेंत बसतो, आणि त्याचें माप डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून त्याला विचारण्याचे प्रश्न तरी ग्राहकाला ठाऊक असावेत: किती, कसें मोजलें, आणि पेल्यांत किती आलें? हे तीन प्रश्न जो विचारतो त्याला खोट्या बातमीनें कोणी भिववूं शकत नाहीं, आणि खऱ्या धोक्याकडे त्याची डोळेझांकही होत नाहीं. एवढें कळल्यावर जायफळाच्या वासाची ती कॉफी थबकलेल्या हातानें पुन्हां उचलावयास हरकत नाहीं. मात्र ती कोणत्या भांड्यांत उकळली, हें एकदां पाहून घ्यावें.